वजन बसलं, तोल बसला का?

वैमानिकाचं लायसन्स हातात पडलं की घरात एकच विषय निघतो. आम्हाला कधी फिरवून आणणार? आई विचारते, मामा विचारतो, शाळेतले मित्र तर तारीखच ठरवून मोकळे होतात. विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. एवढी वर्षं त्यांनी तुमच्या फीची, परीक्षांची, मेडिकलची काळजी केली. आता त्यांना तुमच्या शेजारी बसायचं आहे.

बसवा की. पण त्याआधी थोडं ऐका.

हे सांगणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे. तुम्ही बारामतीला, गोंदियाला, धुळ्याला शिकत असाल किंवा उड्डाणाचे तास भरायला अमेरिकेत गेला असाल. थोडं तुमच्या घरच्यांसाठीही आहे, कारण पहिले प्रवासी तेच असतात. विषय जुनाच आहे, विमानात किती वजन भरायचं आणि ते कुठे ठेवायचं. परीक्षेत तुम्ही हा पेपर दिला, चांगले गुणही मिळवले. पेपरमधली गणितं मात्र कोणाच्या मामाबद्दल नसतात. तिथे प्रवाशाला राग येत नाही. विमानतळावर येतो.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. चार सीट आहेत म्हणजे चार माणसं बसतातच असं नाही.

शिकण्याच्या विमानांत सेस्ना १७२ सगळ्यांच्या ओळखीचं. तेच धरून हिशेब करू. त्याच्या ‘एस’ मॉडेलला उडताना जास्तीत जास्त १,१५७ किलो वजन चालतं. नुसतं विमान, समजा, ७७० किलोचं आहे. टाक्या काठोकाठ भरल्या तर वापरता येईल असं पेट्रोल सुमारे २०० लिटर. हे पेट्रोल पाण्याहून हलकं असतं, लिटरला ०.७२ किलो. म्हणजे १४४ किलो झाले. पुढे तुम्ही ७८ किलोचे आणि मित्र ८२ किलोचा. मागे ७० आणि ७५ किलोची दोन माणसं. सामान फार नाही, ३० किलो.

बेरीज करा. १,२४९ किलो येते. मर्यादेपेक्षा ९२ किलो जास्त.

यात कोणी गलेलठ्ठ नाही. कोणी फ्रिज आणलेला नाही. साधी चार माणसं, दोन-तीन बॅगा आणि भरलेली टाकी. तरीही एका मोठ्या माणसापेक्षा जास्त वजन उतरवावं लागतं. मग काय उतरवायचं, हे तुम्ही ठरवायचं. पेट्रोल उतरवलं तर ५२ किलोच ठेवता येतं, म्हणजे सुमारे ७२ लिटर. हे विमान तासाला ३५ लिटरच्या आसपास पितं. राखीव पेट्रोल बाजूला काढलं तर उरलेल्यात दीड तासाच्या आत परतावं लागेल. लांब जायचं असेल तर माणूस उतरवा. दोन्ही हवं असेल तर दोन फेऱ्या करा.

हा निर्णय आदल्या दिवशी घ्या. टाकी भरल्यावर पेट्रोल काढून घेणं कटकटीचं असतं. माणूस नटूनथटून विमानापाशी आल्यावर त्याला थांबवणं त्याहून कटकटीचं. म्हणून घाईत लोक दोन्ही टाळतात आणि तसेच निघतात.

आता कोणी म्हणेल, पाच-पन्नास किलोनं काय होतंय? विमान उठतं ना?

बहुतेक वेळा उठतं. तीच तर फसगत आहे. सकाळच्या थंड हवेत, लांब धावपट्टीवर ते उठतं, आणि आपल्याला वाटतं पुस्तकातला आकडा उगाच भीती घालायला लिहिलाय. शिकवणारे ढोबळ हिशेब सांगतात तो लक्षात ठेवा. वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर उडण्यासाठी लागणारी जागा वीस टक्क्यांनी वाढते. ज्या वेगाला पंख हार मानतात, तो स्टॉलचा वेगही पाच टक्क्यांनी वर सरकतो. चढण मंदावते. त्यात हवा तापली तर आणखी घट. दहा अंश तापमान वाढलं की जागा आणखी दहा टक्के लागते.

नागपूरची मे महिन्यातली दुपार घ्या. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. पारा ४५ वर. त्या पातळ हवेत तुमचं विमान असं वागतं, जणू ते पाच हजार फुटांवरच्या विमानतळावरून उडतंय. जुहूला डिसेंबरच्या सकाळी जी चार माणसं सहज गेली, तीच तिथे धावपट्टीच्या टोकाला घाम फोडतील. मर्यादेच्या आत असलात तरी. मर्यादेबाहेर असाल तर काय, ते मी सांगायला नको. धावपट्टी संपते तिथे बहुधा बाभळी असतात, विजेच्या तारा असतात.

म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडा आणि कमी भरून उडा.

वजनाचं एवढंच. हे बहुतेकांना पटतं, कारण जड म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मला जास्त काळजी आहे ती तोलाची. एकूण वजन मर्यादेत असूनही विमान उडण्यालायक नसू शकतं, ही गोष्ट चांगल्या-चांगल्या मुलांच्या डोक्यातून निसटते.

तुमच्या घरात कोणी बैलगाडी हाकली असेल तर त्यांना विचारा. गाडीत माल भरताना मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान पोती चढवताना ती चाकाच्या कोणत्या बाजूला पडताहेत ते बघतो. पोती तेवढीच असतात. फरक जागेचा असतो.

विमानातही तसंच. सगळ्या वजनाचा मध्य जिथे येतो त्याला सीजी म्हणायचं. कारखान्यानं त्याची पुढची आणि मागची हद्द ठरवून दिलेली असते. त्या दोन हद्दींच्या आत सीजी राहिला पाहिजे.

सीजी फार पुढे गेला तर नाक जड होतं. उचलायला जोर लागतो, धाव लांबते, पेट्रोल थोडं जास्त जातं. उतरताना नाक वर धरवत नाही आणि पुढचं चाक आधी आपटतं. हे वाईट आहे. पण बहुतेक वेळा विमान तुम्हाला आधीच सांगतं. धावपट्टीवर नाक उठत नाही, तेव्हाच तुम्हाला कळतं आणि थांबता येतं.

सीजी फार मागे गेला तर काय होतं, ते नीट समजून घ्या. सुरुवातीला बरं वाटतं. हातातलं कंट्रोल हलकं लागतं. नाक पटकन उठतं, कधी तर तुम्ही उचलायच्या आधीच. विमान चपळ झाल्यासारखं वाटतं. खरं तर त्याचा सरळ राहण्याचा स्वभाव गेलेला असतो. एकदा नाक वर गेलं की ते आपणहून खाली येत नाही. तुम्ही कंट्रोल पुढे ढकलता आणि शेपटीत तेवढी ताकदच उरलेली नसते. स्टॉल झाला तर सुटणं अवघड. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेलं तर कदाचित अशक्य. आणि हे सगळं कळतं ते चाकं जमीन सोडून गेल्यावर.

आता हिशेब मांडू. मी किलो आणि सेंटिमीटर घेतोय, समजायला सोपं जातं म्हणून. तुमच्या विमानाच्या पुस्तकात पाउंड आणि इंच असतील. एकक कोणतंही घ्या, पण एकदा घेतलं की शेवटपर्यंत तेच. अर्धा हिशेब किलोत आणि अर्धा पाउंडात झाल्यामुळे १९८३ मध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हवेतच इंधन संपून बंद पडलं होतं. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर नुसतं तरंगत आणून उतरवलं. सगळे वाचले. त्यांचं कौशल्य मोठं होतं. तुम्ही त्यावर विसंबू नका.

तेच सेस्ना १७२. अंतरं इंजिनामागच्या पोलादी भिंतीपासून मोजायची. तिला फायरवॉल म्हणतात. पुढच्या सीट ९४ सेंटिमीटरवर, मागच्या १८५ वर. पेट्रोल १२२ वर. सामानाचा खण २४१ वर. रिकामं विमान ७७० किलो, आणि त्याचा सीजी १०० वर धरू. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतरानं गुणा. गुणाकारांची बेरीज करा. तिला एकूण वजनानं भागा. एवढंच आहे.

समजा चालवणारी मुलगी ५५ किलोची. पुढची दुसरी सीट रिकामी, कारण दोघा मित्रांना मागे एकत्र बसून गप्पा मारायच्यात. दोघेही ९० किलोचे. खणात ५४ किलो सामान, तिथल्या मर्यादेइतकं. पेट्रोल ४० किलो.

एकूण वजन १,०९९ किलो. मर्यादेपेक्षा ५८ किलो कमी. कागदावर सगळं ठीक दिसतं. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

आता गुणाकार करा. विमानाचे ७७,०००. चालवणारीचे ५,१७०. मागच्या दोघांचे ३३,३००. सामानाचे १३,०१४. पेट्रोलचे ४,८८०. बेरीज १,३३,३६४. तिला १,०९९ ने भागलं की येतात १२१.४ सेंटिमीटर.

मागची हद्द आहे १२० ची.

म्हणजे हे विमान उडवायचं नाही. वजन बसतंय, तोल बसत नाही.

यावर उपाय किती सोपा आहे बघा. मागच्या एका मित्राला उठवून पुढे बसवा. एक किलोही उतरवू नका. पुन्हा भागाकार करा. सीजी ११३.९ वर येतो, हद्दीच्या चांगला आत. ज्या माणसामुळे धोका होता, त्याच माणसाची जागा बदलली आणि धोका गेला. गप्पा उतरल्यावर मारा.

या हिशेबाला दहा मिनिटं लागतात. फोनवरचं ॲप वापरा, माझी ना नाही. पण निदान पहिली काही वर्षं हातानंही करा. ॲपमध्ये कोणी दुसऱ्या विमानाचे आकडे भरून ठेवले असतील तर ते तितक्याच आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर देईल. हातानं केलं असेल तर उत्तर विचित्र आलं की खटकतं.

सामानाच्या खणाबद्दल एक गोष्ट मनात पक्की करा. तो लांब मागे असतो. म्हणून तिथला प्रत्येक किलो जास्त ओढतो. वरच्या विमानात सीजी ११४ च्या आसपास असताना खणातल्या १० किलोला तोलायला पुढच्या सीटवर ६० किलोहून जास्त वजन लागतं. एक पिशवीच तर आहे, असं म्हणत टाकलेली पिशवी किती महागात पडते ते यावरून कळेल. आंब्याची पेटी, लग्नातला आहेर, परत येताना घेतलेली खरेदी, सगळं त्याच खणात जातं. जाताना केलेला हिशेब येताना चालत नाही, तो यामुळे. परतीचा कागद वेगळा करा.

आणि बांधा. जाळी असते, पट्टे असतात, ते वापरा. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगराममधून लष्करी गाड्या घेऊन निघालेलं बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाण करताच कोसळलं. आतली अवजड गाडी पट्टे तोडून मागे सरकली होती आणि तिनं शेपटीकडची यंत्रणाच निकामी केली. सातही माणसं गेली. तुमच्याकडे लष्करी गाडी नाही, हे खरं. पण २० किलोची सैल बॅग हवेच्या धक्क्यानं सरकली तर तुमच्या कागदावरचं तिचं अंतर खोटं ठरतं. सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली, विमान ओढायचा दांडा, कुणीतरी विसरलेली हत्यारांची पिशवी, हेही बघा. बाटली पायांच्या पॅडलखाली गेली तर वजनाचा प्रश्नच बाजूला राहतो.

विमानाचं रिकामं वजन कुठून घ्यायचं? पुस्तकाच्या नमुन्यातून घेऊ नका. तो आकडा दाखवण्यापुरता असतो. तुमच्या विमानाचा स्वतःचा वजनाचा दाखला असतो, तुमच्या नोंदणी क्रमांकाचा. तो बघा. त्याच कारखान्यातली, त्याच वर्षाची दोन विमानंही सारख्या वजनाची नसतात. एकाला नवा रेडिओ बसवलेला असतो, दुसऱ्यावर रंगाचा आणखी एक थर चढलेला असतो. जुनी विमानं वर्षागणिक जाड होत जातात. आपल्यासारखीच.

स्पिन शिकायला जाणार असाल तर आणखी सांभाळा. सेस्ना १७२ एस मध्ये स्पिनची परवानगी फक्त हलक्या भरणीला आहे, तीही सुमारे ९९८ किलोंच्या आत. मागच्या सीट रिकाम्या हव्यात. खण रिकामा हवा. मागची हद्दही तेव्हा बरीच पुढे येते. मागे बसून बघायचंय म्हणणाऱ्या मित्राला त्या दिवशी जमिनीवरूनच बघू द्या. शिक्षकानं स्वतःची बॅग मागे टाकली असेल तर नम्रपणे उतरवायला सांगा. चांगला शिक्षक रागावणार नाही. रागावला तर तुम्हाला त्याच्याबद्दल एक माहिती मिळाली.

निघतानाचा हिशेब झाला की उतरतानाचाही करा. पेट्रोल जळतं, वजन घटतं, सीजी हलतो. १७२ मध्ये तो फारसा हलत नाही, कारण पेट्रोल जवळजवळ मध्यावरच असतं. सगळी विमानं अशी नाहीत. बीचक्राफ्टच्या बोनान्झामध्ये टाक्या पंखांच्या पुढच्या भागात आहेत. पेट्रोल संपत जातं तसा सीजी मागे जातो. निघताना हद्दीत असलेलं विमान उतरताना हद्दीबाहेर असू शकतं. दुसरं विमान उडवायला घ्याल तेव्हा हे आधी विचारा.

आता अवघड भाग. लोकांना वजन विचारायचं कसं?

आपल्याकडे पगार आणि वजन खरं सांगायची पद्धत नाही. कोणी चार किलो कमी सांगतो, कोणी लग्नाच्या वेळचं सांगतो. विचारणाऱ्यालाही संकोच होतो, विशेषतः मावशीला, वहिनीला विचारताना. मग आपण मनातल्या मनात अंदाज करतो. अंदाज करणारा नेहमी समोरच्याला खूश करणारा आकडा धरतो.

विचारूच नका. काट्यावर उभं करा. घरात वापरायचा साधा वजनकाटा चालतो. सगळ्यांना सारखाच नियम, तुम्हालाही. स्वतः आधी उभे राहा, म्हणजे बाकीचे हसत हसत येतात. हातातली पर्स, कॅमेरा, जॅकेट, बूट, सगळ्यासकट उभं करा. कारण ते सगळं बरोबरच येणार आहे. आकडा मोठ्यानं वाचू नका, कागदावर लिहा. सगळ्यांची बेरीज सांगा, एकेकाची नको. केदारनाथला हेलिकॉप्टरनं गेलेल्या आपल्या माणसांना हे नवीन नाही. तिथे काट्यावर उभं राहिल्याशिवाय कोणाला पुढे सोडत नाहीत, आणि त्यात कुणाचा अपमान झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

लिहिलेला आकडा टिकतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात २५ किलो टपाल होतं. नव्वद वर्षांनंतरही तो आकडा सांगता येतो. आणि आपल्याला गेल्या रविवारी खणात किती सामान होतं ते आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, मग मोठ्या विमानांत कुठे प्रत्येकाचं वजन करतात? करत नाहीत. तिथे सरासरी धरतात. आपल्याकडे मोठ्या माणसामागे ७५ किलो धरण्याची पद्धत आहे. पावणेदोनशे प्रवाशांत एक जाड, एक बारीक, मिळून बरोबर होतं. तुमच्या विमानात चार माणसं. चारही जाड असू शकतात. सरासरी तिथे उपयोगाची नाही.

आणि प्रवासी विमानांतही सरासरी फसते. अमेरिकेत शार्लटला ८ जानेवारी २००३ रोजी बीचक्राफ्ट १९०० डी जातीचं छोटं प्रवासी विमान उडालं. नाक वर गेलं आणि वरच जात राहिलं. एका मिनिटाच्या आत ते विमानतळावरच कोसळलं. २१ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं जोडीनं सापडली. दुरुस्तीत शेपटीच्या एलेव्हेटरची दोरी चुकीची जुळवली गेली होती, त्यामुळे नाक खाली आणायला ताकद कमी पडत होती. आणि विमान कागदावर हद्दीत होतं, प्रत्यक्षात जड होतं, सीजी हद्दीच्या बराच मागे होता. वजनाची सरासरी जुनी होती. माणसं तेवढ्या वर्षांत जाड झाली होती, आकडा तिथेच राहिला होता. त्यानंतर अमेरिकेत ती सरासरी वाढवली गेली.

या अपघातात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मागे गेलेला सीजी एकटा असता किंवा बिघडलेली दोरी एकटी असती, तर कदाचित निभावलं असतं. मर्यादा पाळल्यानं तुम्हाला जी थोडी शिल्लक मिळते, ती अशाच दुसऱ्या, न दिसणाऱ्या चुकीसाठी असते. ती सामानात खर्च करून टाकू नका.

यंत्रावरही डोळे मिटून भरवसा नको. जुलै २०२० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून मायोर्काला निघालेल्या बोइंग ७३७ च्या लोड शीटमध्ये, म्हणजे वजनाच्या कागदात, १,२४४ किलो कमी धरले गेले. कारण ऐकून हसू येईल. नव्या संगणकप्रणालीनं नावापुढे ‘मिस’ लिहिलेल्या सगळ्या बायकांना लहान मुली समजून घेतलं, प्रत्येकीचे ६९ ऐवजी ३५ किलो. अशा ३८ जणी होत्या. विमान सुखरूप पोचलं. पण संगणकानं कागद छापला म्हणजे तो बरोबर, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कागदावर ३८ जादा मुलं दिसली तर मान वर करून केबिनकडे एकदा बघावं.

आता घरच्यांशी दोन शब्द.

तुमच्या मुलीनं किंवा मुलानं वजन विचारलं तर खरं सांगा. काट्यावर उभं राहायला सांगितलं तर राहा. मी तुला लहानाचं मोठं केलं, मला काय काट्यावर चढवतेस, असं म्हणू नका. तिनं सांगितलं, तुम्ही पुढे बसा, तर पुढे बसा. मागे बसा म्हणाली तर मागे. ही मानापानाची जागा नाही. वडील पुढे, सून मागे, असा हिशेब तिथे लागत नाही. ऐन वेळी एखादी पिशवी वाढवू नका. वाढवलीच तर तिला सांगा, हळूच सीटखाली सरकवू नका. आणि ती म्हणाली, आज चौघांना नेता येणार नाही, तर शेजाऱ्यांच्या मुलानं नेलं होतं की, असं तर मुळीच म्हणू नका. शेजाऱ्यांच्या मुलानं हिशेब केला होता का, हे तुम्हाला माहीत नाही.

तिकीट काढून प्रवासी विमानातून जातानाही एवढं पाळा. छोट्या प्रवासी विमानात रिकाम्या जागा दिसल्या म्हणून उठून दुसरीकडे बसू नका. एअर होस्टेसला विचारा. कधी कधी त्या पुढच्या प्रवाशांना मागे बसायला सांगतात. ती उगाच अडवणूक नसते. तुमचा जागा-क्रमांक कुणाच्या तरी कागदावर किलोंमध्ये मांडलेला असतो.

पुन्हा तुमच्याकडे येतो, कारण शेवटी नाही म्हणायचं काम तुमचं आहे.

नाही म्हणणं सोपं जावं अशी सोय आधीच करून ठेवा. आमंत्रण देतानाच सांगा, वजन करून ठरवू, कदाचित दोघांनाच नेता येईल. मग ऐन वेळी कोणाचा विरस होत नाही. विमानतळावर सगळ्यांसमोर आकडेमोड करायला बसू नका. हिशेब घरी करून या. आलेल्या बदलापुरता तिथे पुन्हा करा. कागदावर तारीख घाला, सही करा आणि एक प्रत जमिनीवर, क्लबमध्ये ठेवून जा. नियम म्हणून ठेवाच. पण सही करताना हात एक क्षण थांबतो, त्याचा तुम्हाला जास्त उपयोग होईल.

आकडा हद्दीच्या जेमतेम आत आला तर तो आत आहे म्हणून खूश होऊ नका. काट्याची चूक, अंदाजाची चूक, बाटलीभर पाणी, हे सगळं त्या जेमतेममध्ये बसलेलं असतं. दहा-वीस किलो हातचे राखा.

तुमच्या क्लबमध्ये वजनकाटा आहे का, ते उद्या बघा. बऱ्याच ठिकाणी नसतो, किंवा असून बंद पडलेला असतो. विमानाचं एका तासाचं जेवढं भाडं होतं, त्याच्या लहानशा हिश्श्यात चांगला काटा येतो. सगळ्यांनी मिळून या महिन्यात एक घ्या, आणि विमानाकडे जायच्या दाराशीच ठेवा.